किक काढली तरी फ्लोअर का टिकला? बर्गहाइनमधल्या डबस्टेपचं प्रकरण

टेक्नोच्या सेटमध्ये डबस्टेप, म्हणजे लंडनमधून आलेलं जड बेसचं संगीत, वाजवायचा विषय निघाला की डीजे मंडळींच्या गप्पा लगेच बीपीएमवर, म्हणजे मिनिटाला किती मात्रा यावर, येतात. डबस्टेप १४०, टेक्नो १३०, मग मधे कुठे भेटायचं? हिशेब सोपा आहे आणि त्याने फारसं काही सुटत नाही. टेम्पो काटेकोर जुळवूनही लोक बारकडे वळतात, आणि मग डीजे म्हणतो की गर्दीच जुन्या वळणाची होती.

म्हणून एक प्रकरण नीट उलगडून बघू. जुलै २००८ मध्ये बर्लिनच्या बर्गहाइन क्लबात ‘सबस्टन्स’ नावाची पार्टी सुरू झाली. दर काही महिन्यांनी एका शुक्रवारी तिथे डबस्टेप वाजायचा. टेक्नोचं याहून कडवं ठाणं जगात शोधून सापडणार नाही, आणि तरी ही पार्टी पाच वर्षं चालली. तिथे नेमकं काय जमलं, कशामुळे जमलं आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे तिन्ही प्रश्न मला महत्त्वाचे वाटतात. तिसरा सहसा कोणी विचारत नाही.

जागा आणि माणूस

बर्गहाइन म्हणजे पूर्व बर्लिनमधलं एक जुनं वीजकेंद्र. क्लब म्हणून ते २००४ मध्ये उघडलं. मुख्य फ्लोअरचं छत सुमारे १८ मीटर उंच आहे, बाकी सगळं काँक्रीट आणि पोलाद. साउंड सिस्टिम फंक्शन-वनची. शनिवारी रात्री सुरू झालेली पार्टी सोमवारी सकाळपर्यंत चालते, आणि मार्सेल डेटमान, बेन क्लॉक यांच्यासारखे रेझिडेंट डीजे तिथे तासन् तास सलग वाजवतात. या गर्दीला सलगपणाची सवय आहे. गाणं कधी बदललं ते कळू नये, हीच तिथली कारागिरी.

सबस्टन्समागचा माणूस पॉल रोझ, म्हणजे स्कूबा. लंडनचा. २००३ मध्ये त्याने हॉटफ्लश हे रेकॉर्ड लेबल काढलं, २००७ मध्ये तो बर्लिनला राहायला गेला. डबस्टेप त्याने लंडनमध्ये ऐकला, वाजवला, छापला होता. तिथली रीत अगदीच वेगळी. शोरडिचमधल्या प्लास्टिक पीपल या छोट्याशा तळघरात ‘फॉरवर्ड’ची रात्र व्हायची, ब्रिक्स्टनमध्ये २००५ पासून माला, कोकी आणि लोफा या डबस्टेप निर्मात्यांची ‘डीएमझेड’. डीएमझेडचं निमंत्रणच असं होतं की या आणि बेसच्या वजनावर ध्यान लावा. लोक अंधारात उभे राहून मान हलवायचे, बेस छातीत घ्यायचे. एखादा ट्रॅक फारच आवडला तर गर्दी ओरडायची आणि डीजे रेकॉर्ड उलटी फिरवून पुन्हा पहिल्यापासून लावायचा.

हा रिवाइंड बर्गहाइनमध्ये करून बघा! लंडनमध्ये ज्याने जल्लोष होतो, त्याच गोष्टीने टेक्नोच्या गर्दीची तंद्री मोडते. चाळीस मिनिटं एका लयीत गेलेल्या माणसाला तुम्ही हलवून जागं करता. आम्हाला जे आवडतं ते तुम्हालाही आवडेल, असं धरून चाललं की इथेच पहिली ठेच लागते. स्कूबा रोज बर्लिनमध्ये वावरत होता, पाहुणा म्हणून येऊन जात नव्हता. या फरकाने बरंच काही साधलं असावं, असं मला वाटतं.

आणखी एक गोष्ट त्याच्या बाजूने होती. बर्लिनचे कान कोरे नव्हते. क्रॉयझबर्गमध्ये सुरू झालेलं हार्ड वॅक्स हे रेकॉर्डचं दुकान १९८९ पासून चालू आहे. ते सुरू करणारा मार्क अर्नेस्टुस आणि मोरित्झ फॉन ओस्वाल्ड या दोघांनी १९९३ मध्ये बेसिक चॅनेल काढलं आणि जमैकन डबचा तो लांबलचक एको टेक्नोच्या किकवर (ड्रमचा खालचा, जड ठोका) आणून ठेवला. पुढे ‘रिदम अँड साउंड’ या नावाने ते थेट रेगेकडेच गेले. त्यामुळे खोल बेस, एकोची धूळ आणि अर्धीमुर्धी पोकळी ही बर्लिनकरांना पंधरा वर्षांपासून ओळखीची होती. ओळखीचं नव्हतं ते एकच: किक नसणं.

अडचण नेमकी कुठे आहे

१४० बीपीएमला एक मात्रा साधारण ०.४३ सेकंदाची होते. टेक्नोत प्रत्येक मात्रेवर किक पडते, बारमध्ये (चार मात्रांच्या आवर्तनात) चार. डबस्टेपच्या हाफस्टेप चालीत किक पहिल्या मात्रेवर आणि स्नेअर (ड्रमचा कडक, टाळीसारखा ठोका) तिसऱ्या मात्रेवर, मुख्य खांब तेवढेच. ही मोकळी चाल घडवणाऱ्यांमध्ये लोफाचं नाव आधी घेतलं जातं. एका स्नेअरपासून पुढच्या स्नेअरपर्यंत १.७ सेकंद जातात. कागदावर १४० असलेला ट्रॅक अंगाला ७० वाटतो.

ठाय-दून ऐकत वाढलेल्या माणसाला हे चटकन कळेल. लय एकच आहे, पण ठेका ठायीत चाललाय आणि वरचं काम दुगुणीत. हाफस्टेपमध्ये किक-स्नेअर ठायीत, हाय-हॅट (ड्रमची बारीक झांज), शेकर आणि एकोचे बारीक तुकडे दुगुणीत. नाचणारा यातला कोणता थर पायाला बांधून घेतो, यावर सगळं अवलंबून आहे. लंडनचा माणूस ठाय धरायचा. टेक्नोवाला आयुष्यभर दुगुण धरत आलेला आहे, आणि त्याला ती किकमधून मिळत आलेली आहे. तुम्ही किक काढलीत की त्याचा पाय उचललेलाच राहतो.

म्हणून माझं म्हणणं असं की टेम्पो ही दुय्यम बाब आहे. टर्नटेबलच्या पिच फेडरला, म्हणजे वेग बदलायच्या पट्टीला, वर-खाली आठ टक्के वाव असतो. १४० चा ट्रॅक १३३ वर आणायला बरोब्बर पाच टक्के लागतात, १३० चा टेक्नो १३३ वर न्यायला सव्वादोन-अडीच. दोघं मधे सहज भेटतात. मात्र विनाइलवर पाच टक्के खाली आल्याने सूरही जवळजवळ एक सेमीटोन उतरतो, ५० हर्ट्झचा सब (सर्वांत खालचा बेस) ४७ च्या घरात येतो. मोठ्या सिस्टिमवर हे उलट छानच लागतं, ट्रॅक जड होतो. सीडीजेवर (डीजेंच्या डिजिटल प्लेअरवर) मास्टर टेम्पो चालू ठेवून सूर जागेवर धरता येतो, पण लांब सब-बेसवर ती प्रक्रिया घाण करते, नोट थरथरल्यासारखी होते. डबस्टेप खाली आणताना मी मास्टर टेम्पो बंद ठेवायच्या बाजूचा आहे. सूर उतरला तर उतरू दे.

खरी दुसरी अडचण बेसमध्येच आहे. टेक्नोच्या किकचा गाभा साधारण ५०-६० हर्ट्झच्या आसपास, पण क्षणभराचा: आला, गेला. डबस्टेपचा सब त्याच पट्ट्यात बसतो आणि दोन-दोन मात्रा तिथून हलत नाही. दोन्ही एकदम सोडले की किकचा ठोसाही जातो आणि सबचा सूरही, उरतो तो नुसता गुंगाट. शिवाय ५० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळपास सात मीटर असते. अठरा मीटर उंचीच्या हॉलमध्ये ती मोकळी उलगडते. बुटक्या छताच्या खोलीत कोपऱ्यात साचते, तर फ्लोअरच्या मध्यावर काहीच ऐकू येत नाही. बर्गहाइनच्या इमारतीने निम्मं काम केलं असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

एक जोडणी, जवळून

हाफस्टेप टेक्नोत कसा आणायचा हे नुसतं सांगून कळत नाही, म्हणून एकच जोडणी सावकाश बघू. डेकवर १३३ ला चाललेला टेक्नो, साधा आणि गाण्याचे तुकडे नसलेला. दुसऱ्या डेकवर पाच टक्के उतरवलेला हाफस्टेप ट्रॅक, लो (मिक्सरवरचं बेसचं बटण) पूर्ण बंद.

आधी दुसऱ्या ट्रॅकची फक्त हॅट आणि वरची धूळ आत घ्यायची. टेक्नोची किक खाली चालू आहे, त्यामुळे कोणाला काही बदललंय असं वाटत नाही. हे ३२ बार चालू द्यायचं, या टेम्पोला म्हणजे जेमतेम एक मिनिट. तेवढ्यात स्नेअर डोकावायला लागतो, तिसऱ्या मात्रेवर, किकच्या डोक्यावर बसून. टेक्नोच्या गर्दीला तो टाळीसारखा लागतो, खटकत नाही.

आता महत्त्वाचा क्षण. नव्या फ्रेजच्या पहिल्या मात्रेवर टेक्नोचा लो काढायचा आणि त्याच झटक्यात डबस्टेपचा लो उघडायचा. टेक्नोचा फेडर मात्र खाली आणायचा नाही! त्याची हाय-हॅट वर चालूच ठेवायची. इथेच बहुतेकांचं चुकतं. नवा ट्रॅक आला म्हणून ते जुना पूर्ण काढतात आणि पायाखालची फळी ओढून घेतल्यासारखं होतं. जुन्या ट्रॅकची ती ‘च्-त्स च्-त्स’ टिकली की पाय दुगुणीत चालत राहतो, आणि खाली बेस मात्र ठायीत पसरतो. अंग दोन लयींत वाटलं जातं, आणि मजा नेमकी त्यातच आहे.

त्यानंतर किक परत कधी आणायची? माझ्या मते फ्लोअरला तिची आठवण यायच्या थोडं आधी. डोळे फ्लोअरवर असले तर ते दिसतं: खांदे हलत असतात पण टाचा जमिनीला टेकायला लागतात. त्या टाचा टेकल्या की किक आणायची वेळ झाली. जी उसंत मिळाली तिच्यामुळे परत आलेली किक आधीपेक्षा मोठी वाटते, आणि ज्यांना डबस्टेप मुळीच आवडत नाही तेसुद्धा त्या क्षणाला हात वर करतात.

ड्रॉपबद्दल एक शब्द. ज्या ट्रॅकमध्ये सगळं थांबतं, कोणीतरी काहीतरी ओरडतं आणि मग बेस कोसळतो, तो ट्रॅक इथे कामाचा नाही. टेक्नोचे बदल सोळा-बत्तीस बारांमध्ये हळूहळू घडतात. ड्रॉप म्हणजे ‘आता नाचा’ असा हुकूम, आणि या गर्दीला हुकूम चालत नाही.

कोणत्या रेकॉर्डी

याच काळात दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या वाटेवर येत होते. हे जमून आलं नसतं तर नुसत्या मिक्सिंगच्या जोरावर पाच वर्षं काढणं कठीण होतं. शॅकलटन हा डबस्टेपच्या कुळातला, पण त्याच्या ट्रॅकमध्ये ड्रॉपऐवजी तालवाद्यांचं जाळं. त्याच्या ‘ब्लड ऑन माय हँड्स’चा रिकार्डो व्हियालोबोसने २००७ मध्ये रीमिक्स केला, तब्बल १८ मिनिटांचा. मिनिमल टेक्नोच्या सर्वांत लाडक्या डीजेने स्कल डिस्कोसारख्या छोट्या डबस्टेप लेबलच्या रेकॉर्डला हात लावला, याचा अर्थ टेक्नोवाल्यांना बरोबर कळला. दोन वर्षांनी शॅकलटनचा अल्बम पर्लोन या लेबलवर आला, जे मिनिमलचंच घर.

हेगमध्ये राहणारा डेव्ह हाउसमान्स ‘२५६२’ या नावाने वाजवायचा. हा त्याच्या वस्तीचा पिन कोड. २००८ मध्ये ब्रिस्टलच्या टेक्टॉनिक लेबलवर त्याचा ‘एरियल’ आला. आत डबस्टेपची मोकळीक आणि डब टेक्नोचा कापूस दोन्ही आहे. आइंडहोव्हनहून आलेला मार्टिन हाही त्याच जातीचा. आणि पलीकडून बर्गहाइनच्या स्वतःच्या ओस्टगुट टोन लेबलवर त्याच वर्षी शेड या निर्मात्याचा ‘शेडिंग द पास्ट’ निघाला: टेक्नोच, पण किक सरळ रांगेत उभी न राहणारी. अशा रेकॉर्डी पुलासारख्या वापरता येतात. शेडकडून २५६२ कडे जायला ईक्यूचे फार खेळ करावे लागत नाहीत, आणि २५६२ कडून मालापर्यंत पोचलात की गर्दीला कळतही नाही की आपण ब्रिक्स्टनला आलो.

याउलट त्याच सुमाराला डबस्टेपचा जो चेहरा सर्वांत जास्त विकला जात होता, तो इथे उपयोगी नव्हता. लंडनच्या फॅब्रिक क्लबच्या शुक्रवारच्या मिक्स-मालिकेत २००७ च्या अखेरीस कॅस्पा आणि रस्को यांची सीडी आली. मधल्या पट्टीतला गुरगुरणारा वॉबल, चेष्टामस्करी, एकामागून एक ड्रॉप. त्या सीडीने डबस्टेप घराघरांत नेला हे खरं. पण टेक्नोच्या कानाला मधल्या पट्टीत इतकी गर्दी सहन होत नाही, तिथे हॅट आणि एकोला जागा लागते. फॅब्रिकचंच पुढचं उदाहरण बघा: शनिवारची मालिका हाउस-टेक्नोची. २०१० मध्ये त्या शनिवारच्या मालिकेत आधी मार्टिनचा पन्नासावा आणि नंतर सर्जनचा त्रेपन्नावा मिक्स आला. सर्जन म्हणजे बर्मिंगहॅमचा कडक टेक्नोवाला अँथनी चाइल्ड. शुक्रवारचं सामान शनिवारच्या दाराने आत आलं होतं.

सर्जनची पद्धत स्कूबाच्या उलट. तो टेक्नोचा मालक म्हणून उभा राहतो आणि डबस्टेपचे तुकडे आपल्या वेगाला जुंपतो. गर्दीचा त्याच्यावर विश्वास आधीच बसलेला असतो, त्यामुळे तो जास्त धोका पत्करू शकतो. तुम्ही टेक्नो डीजे म्हणून ओळखले जात असाल तर तुमची वाट सर्जनची आहे, स्कूबाची नाही. ही ओळख पोस्टरवर ठरते, मिक्सरवर नाही.

किंमत कोणी मोजली

२०१० च्या सुरुवातीला ‘सबस्टन्स’ नावाचीच मिक्स-सीडी ओस्टगुट टोनवर आली. टेक्नोच्या लेबलने डबस्टेपच्या रात्रीवर शिक्का मारला. तोवर स्कूबा ‘एससीबी’ या दुसऱ्या नावाने सरळ टेक्नो करायला लागला होता. २०१३ मध्ये पार्टी बंद झाली, तेव्हा वेगळी डबस्टेपची रात्र ठेवायचं कारणच उरलं नव्हतं.

कारण तोवर डबस्टेपवाले स्वतःच सरकले होते. हेसल ऑडिओ या लेबलवर ‘फ्रॅम’ या रेकॉर्डने सुरुवात केलेला ब्लावन कडक टेक्नोत गेला. ब्रिस्टलच्या पिंचने २०१३ मध्ये कोल्ड रेकॉर्डिंग्स हे लेबल काढलं. खुद्द लोफा स्वॅम्प ८१ या आपल्या लेबलमधून एटओएट (८०८) ड्रम मशीनच्या आवाजाकडे वळला. हाफस्टेप ज्याच्या हातून रुळला, त्यानेच तो बाजूला ठेवला. या स्थित्यंतराला प्रगती म्हणायची पद्धत आहे. मला ते इतकं सरळ वाटत नाही. डबस्टेप टेक्नोच्या फ्लोअरवर टिकला तो आपली मोकळी जागा थोडी थोडी सोडत. आधी हॅट वाढल्या, मग किक दर मात्रेला आली, शेवटी उरला तो फक्त बेसचा रंग. टेक्नोने त्या मानाने फारसं काही दिलं नाही. तो थोडा खोल झाला, थोडा तुटक झाला, आणि पुढे गेला. एकटा माला डीप मेदी या आपल्या लेबलवर १४० चा हट्ट धरून बसला, आणि आज त्याची रेकॉर्ड लावली तर ती २००६ इतकीच ताजी लागते. ज्यांनी जुळवून घेतलं त्यांच्या बऱ्याच रेकॉर्डींवर मात्र २०१० चा शिक्का दिसतो. हे माझं मत. हॉटफ्लशचे चाहते भांडतील, भांडू देत.

पुण्या-मुंबईत लावायचं तर

बर्गहाइनची एक सोय आपल्याकडे अजिबात नाही: वेळ. बहुतेक ठिकाणी दीडच्या सुमारास क्लब बंद करावा लागतो आणि गर्दी अकराच्या आधी जमत नाही. अडीच तासांत वॉर्म-अपपासून शेवटपर्यंत सगळं. तिथे चार तासांत हळूहळू मोडलेली किक इथे दोन जोडण्यांत मोडावी लागते. म्हणून पुलाच्या रेकॉर्डी जास्त ठेवाव्यात आणि शुद्ध हाफस्टेप एकदाच, सेटच्या दुसऱ्या निम्म्यात, बारा-साडेबाराला.

सिस्टिम आधी तपासा. भाड्याच्या टॉप-बेसच्या बऱ्याच सेटवर ५० हर्ट्झच्या खाली फार काही येत नाही. ढोल दणदणतो, पण सब नोट नुसती हवा हलवून जाते. साउंडचेकला एक लांब सब लावून फ्लोअरच्या मध्यावर आणि मागच्या भिंतीपाशी उभं राहून ऐकावं. मध्यावर काहीच येत नसेल तर हाफस्टेपचा बेत त्या रात्रीपुरता सोडून द्यावा, कारण किक काढल्यावर तुमच्याकडे फक्त तो सबच उरणार आहे. गोव्यात ट्रान्सवर वाढलेली गर्दी असेल तर टेम्पोची चिंता नाही, १४५ त्यांना नेहमीचाच. पण किकशी त्यांची गाठ टेक्नोवाल्यांपेक्षाही घट्ट असते, तिथे हॅटचा धागा आणखी जाड ठेवावा लागेल.

आता तर टेक्नोच १४० च्या पुढे गेला आहे. पिच फेडर पाच टक्के ओढायची गरज संपली, मालाची रेकॉर्ड जशीच्या तशी लावता येते. तरीही पहिला हाफस्टेप आला की पाय तसाच हवेत थांबतो, २००८ मध्ये थांबला असेल तसाच. अनोळखी गर्दीपुढे मी पहिल्यांदा १६ बारांच्या वर जाणार नाही. १४० ला ते २७ सेकंद होतात.